उघड्या दारांचा हिशेबनीस

केंद्रकेचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण केंद्रके हा एक माणूस नाही, ती एक जमात आहे. ही जमात अमेरिकेत सॅन डिएगोजवळ ला होयाच्या टेकडीवर सापडते, बॉस्टनला सापडते, इंग्लंडात केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन गावी सापडते. वय तिशी आणि चाळिशीच्या मधे कुठंतरी. पीएचडी झालेली असते, कायमची नोकरी लागायची असते; या मधल्या मुक्कामाला पोस्टडॉक म्हणतात आणि काही जण त्या मुक्कामातच म्हातारे होतात. पाठीवर सॅक, सॅकेत लॅपटॉप आणि कुठल्याशा परिषदेत फुकट मिळालेला टी-शर्ट अंगात, हा गणवेश.

मी सांगतोय तो केंद्रके ला होयातला. मूळचा डोंबिवली पूर्वेचा.

डोंबिवलीत त्याची ओळख ‘हार्टवर असतो’ अशी करून दिली जाते. आईनं सुरुवातीला ‘मॉलेक्युलर’, ‘जिनोमिक्स’ वगैरे म्हणून पाहिलं. पण शेजारच्या काकू ‘म्हणजे हार्टचंच ना?’ यावर ठाम राहिल्या आणि आईनं हत्यार खाली ठेवलं. तेव्हापासून तो सुट्टीवर आला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून इमारतीतले लोक प्लास्टिकच्या पिशवीत ईसीजी घालून येतात. केंद्रके ईसीजीची पट्टी हातात घेतो, दोन्ही बाजूंनी पाहतो, खिडकीच्या उजेडाकडे धरतो आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणतो, “काका, यात पेशी दिसत नाहीत हो.”

काकांचं तोंड पडतं. मुलाला अमेरिकेत पाठवून एवढंही शिकवलं नाही, असा चेहरा करून ते चहा पितात आणि जातात.

वास्तविक हृदयाशी त्याचा संबंध डोंबिवलीतल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा जवळचा आहे. फक्त तो इतका जवळचा आहे, की त्याला हृदय दिसतच नाही. केंद्रकेला हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत, झडपा माहीत आहेत त्या आकृतीतल्या, आणि डावी-उजवी बाजू विचारली तर तो क्षणभर स्वतःच्या छातीकडे पाहतो. त्याचा सगळा व्यवहार पेशीच्या आत जे केंद्रक असतं त्याच्याशी. म्हणून तर हे नाव.

आता तो करतो काय, हे एकदा सांगून टाकलं पाहिजे, कारण तो स्वतः सांगायला लागला तर जेवणं गार होतात. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच ती डीएनएची लिपी असते, सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. एका केंद्रकातला सगळा डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरेल. आणि तो कोंबलेला असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जागेत. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, एकेका वेटोळ्यात १४७ अक्षरं. या सगळ्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. जिथं गुंडाळी घट्ट तिथलं पेशीला वाचता येत नाही, जिथं सैल तिथलं येतं. एक लांबच लांब चाळ आहे असं समजा. अशा लाखो चाळी, सगळ्यांचा नकाशा एकच, खोल्यांचे नंबरही तेच. पण हृदयाच्या स्नायूपेशीच्या चाळीत काही दारं उघडी असतात, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीत दुसरीच. कोणती दारं उघडी आहेत एवढ्यावरून चाळीत कोण राहतं आणि त्याचं काय चाललंय, हे कळतं. केंद्रके या उघड्या दारांचा हिशेब ठेवतो. एकेका चाळीचा, वेगवेगळा.

दारं तपासायला तो स्वतः जात नाही. त्यासाठी टीएन-फाइव्ह नावाचं विकर आहे, मूळचं जिवाणूंमधल्या उड्या मारणाऱ्या जनुकाचं. २०१३ साली स्टॅनफर्डच्या जेसन ब्युएनरोस्ट्रो, विल्यम ग्रीनलीफ आणि हॉवर्ड चँग यांच्या गटानं त्याला या कामाला जुंपलं. उघडं दार दिसलं की आत शिरायचं, तिथला डीएनए कापायचा आणि चौकटीवर आपली चिठ्ठी डकवून यायचं, एवढंच त्याला येतं. बंद दाराशी ते टकटक करत बसत नाही. नंतर चिठ्ठ्या लागलेले तुकडे गोळा करून वाचायचे, की उघड्या दारांची यादी तयार. २०१५ पासून ही यादी एकेका पेशीची करता येऊ लागली. या पद्धतीचं इंग्रजी लघुनाव उच्चारताना ‘अटॅक’ असं होतं. केंद्रकेनं एकदा फोनवर आईला सांगितलं, “उद्या हार्टचा अटॅक आहे, सकाळी फोन नको करूस,” आणि डोंबिवलीत त्या रात्री कोणी झोपलं नाही. तेव्हापासून घरी बोलताना तो नुसतं ‘प्रयोग’ म्हणतो.

प्रयोगाच्या दिवशीचा केंद्रके मी पाहिला आहे. घरी चष्मा कुठं ठेवलाय ते न सापडणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा.

उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून तो एक छोटी कुपी काढतो. तीत हृदयाचा कण असतो. कोणाचं तरी हृदय प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेलं असतं. कोणी तरी मरणोत्तर दिलेलं असतं आणि ते दुसऱ्याला बसवता आलेलं नसतं. कुपीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. वय, स्त्री की पुरुष, आजार होता की नव्हता, एवढंच कागदावर. ही कुपी हातात असताना केंद्रके विनोद करत नाही आणि दुसऱ्यानं केलेला ऐकूही घेत नाही. एकदा एका नव्या विद्यार्थ्यानं ‘आज कोणाचं दिल तोडायचं?’ म्हटलं. केंद्रकेनं त्याला पुढचा आठवडाभर बर्फ आणायला लावलं.

मग द्रवरूप नायट्रोजननं थंड केलेल्या खलात तो कण कुटायचा. मग काचेची नळी, तीत गार द्रव आणि काचेचेच दोन दट्टे: एक सैल बसणारा, एक घट्ट. आधी सैल, मग घट्ट. दट्टा वर-खाली करायचा, पण फेस येता कामा नये, जोर लागता कामा नये, आणि हे सगळं बर्फात बोटं बधिर होत असताना. पेशींची बाहेरची पिशवी फुटावी आणि आतलं केंद्रक मात्र शाबूत राहावं, इतकाच जोर. अख्खी पेशी चालत नाही का? बाकीच्या अवयवांत पुष्कळदा चालते. पण हृदयाची स्नायूपेशी शंभर मायक्रोमीटरहून लांब. यंत्राच्या बारीक नळीत ती शिरतच नाही. शिवाय गोठवलेल्या मांसातल्या पेशी वितळताना फुटतातच. म्हणून नुसती केंद्रकं.

मग गाळणी, मग निळा रंग, मग सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेली काच. इथं केंद्रके डोळा लावतो आणि एका हातात टकटक वाजणारा मोजणीयंत्राचा खटका धरतो. “कडा बघ, कडा,” तो मला म्हणाला. मी पाहिलं. निळे गोल ठिपके होते. काहींची कड लख्ख गोल, काहींच्या कडेतून धागे लोंबत होते. “लोंबणारे गेले कामातून,” केंद्रके म्हणाला, “गोल ते आपले.” आणि टक, टक, टक. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्याच्या लग्नातल्या फोटोतही पाहिलेलं नाही.

एवढं करून टीएन-फाइव्ह आत सोडायचं, ते ३७ अंशांवर आपलं काम करणार. पण त्याला एक खोड आहे. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला असतो. दिवसाला लाखभर ठोके मारायचे तर वीजघरं पाहिजेतच. या मायटोकॉन्ड्रियांना स्वतःचा डीएनए असतो आणि त्याला हिस्टोनची गुंडाळी नसते. म्हणजे चाळीबाहेरच्या टपऱ्या, ज्यांना दारच नाही. केंद्रकं धुऊन नीट घेतली नाहीत, तर टीएन-फाइव्ह आपल्या सगळ्या चिठ्ठ्या त्या टपऱ्यांवर डकवून मोकळं होतं. मग हजारो डॉलर खर्चून वाचलेल्या अक्षरांतली निम्मी मायटोकॉन्ड्रियाची निघतात. हा शब्द केंद्रके शिवीसारखा वापरतो. समोरच्या गाडीनं आडवी कट मारली की काच वर करून तो पुटपुटतो, “मायटोकॉन्ड्रिया!”

पण केंद्रकेचा खरा स्वभाव प्रयोगशाळेत नाही, संगणकापुढे घडला आहे. चिठ्ठ्या वाचून झाल्या की हातात येतो तो एक तक्ता. उभ्या ओळीत केंद्रकं, आडव्या ओळीत दारं. २०२१ साली ला होयाच्याच टेकडीवरून बिंग रेन आणि नील ची यांच्या गटांनी मानवी हृदयाच्या चारही कप्प्यांचा असा नकाशा ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ८० हजार केंद्रकं होती आणि २ लाख ८७ हजारांहून अधिक दारं. गुणाकार केला तर चौकटी होतात सुमारे २३०० कोटी. आणि असल्या कुठल्याही तक्त्यात शंभरातल्या नव्वदांहून जास्त चौकटींत काय असतं? शून्य.

हे शून्य फसवं आहे. दार खरोखर बंद होतं म्हणूनही शून्य येतं. आणि दार सताड उघडं होतं, पण टीएन-फाइव्ह तिथवर पोचलंच नाही किंवा त्याची चिठ्ठी वाटेत हरवली, म्हणूनही शून्यच येतं. प्रत्येक दाराच्या प्रती एका केंद्रकात सहसा दोनच, एक आईकडची, एक वडिलांकडची. सापडलं तर एक, फार तर दोन. नाही सापडलं तर शून्य. दिवसाचे बारा-बारा तास अशी शून्यं पाहणाऱ्या माणसाच्या मनावर परिणाम होणारच. केंद्रकेचा नकारावरचा विश्वास उडाला आहे.

बायको स्वयंपाकघरातून विचारते, “अरे, फ्रिजमध्ये दूध आहे का?”

“दिसत नाही.”

“म्हणजे संपलं?”

“तसं म्हणता येणार नाही. मी फक्त वरचा कप्पा पाहिला.”

“मग खालचा बघ!”

“पाहिला. तिथंही दिसत नाही. पण मागं पातेलं आहे.”

बायको सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिच्या पगारावर घर चालतं आणि तिच्याकडे एवढा वेळ नसतो. ती स्वतः येऊन फ्रिज उघडते. दूध नसतं. केंद्रके शांतपणे म्हणतो, “आता म्हणता येईल.”

हीच गोष्ट नोकरीच्या अर्जांची. विद्यापीठांकडून उत्तर आलं नाही तर बाकीचे लोक नकार समजून गप्प बसतात. केंद्रकेच्या लॅपटॉपवर ‘निर्णय बाकी’ नावाचा एक फोल्डर आहे आणि त्यातल्या काही विद्यापीठांत त्या जागेवर नेमलेला प्राध्यापक कायमसुद्धा होऊन गेला आहे. पण पत्र आलेलं नाही. पत्र नाही म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे नाही असं नाही.

होकारावर मात्र त्याचा एकेकाळी विश्वास होता. तो उडाला त्याची हकीगत डोंबिवलीत अजून सांगितली जाते.

केंद्रकांची गटवारी करताना एकदा त्याला एक लहानसा नवाच गट दिसला. त्यात स्नायूपेशीची दारंही उघडी आणि रक्तवाहिनीच्या अस्तराचीही. असली पेशी कुठल्या पुस्तकात नव्हती. केंद्रके रात्रभर जागला. सकाळी त्यानं घरी फोन केला आणि न राहवून सांगितलं, की हृदयात एक नवीन प्रकारची पेशी सापडली आहे बहुतेक. ‘बहुतेक’ हा शब्द अटलांटिकमध्ये पडला. आईनं पेढे आणले. जिन्यातल्या चारही घरांत वाटले. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आपल्या डोंबिवलीच्या सुपुत्रानं हृदयाला नवीन पेशी दिली’ असं येऊन पडलं, खाली भगवा झेंडा आणि अठ्ठावीस नमस्कार.

यथावकाश उलगडा झाला. यंत्रातल्या तेलात एकेका थेंबात एकेक केंद्रक बसावं अशी अपेक्षा असते. पण कधीकधी एका थेंबात दोन बसतात. एक स्नायूचं, एक अस्तराचं. दोघांनाही एकच क्रमांक मिळतो आणि संगणकाला वाटतं, ही एकच विलक्षण पेशी. या जोडगोळ्या हुडकून काढायला वेगळी सॉफ्टवेअर्स आहेत. केंद्रकेनं ती चालवली. नवीन पेशी अख्खीच्या अख्खी नाहीशी झाली.

ही बातमी घरी कळवणं आलं. “आई, ती पेशी नव्हती. दोन पेशी होत्या.” आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग चांगलंच की! दोन सापडल्या!” संध्याकाळी ग्रुपवर दुरुस्ती आली: एक नव्हे, दोन पेशी. केंद्रकेनं त्यावर काही लिहिलं नाही. पेढे परत मागता येत नाहीत, एवढा व्यवहार त्यालाही कळतो.

तेव्हापासून त्याला कुठल्याही सुंदर गोष्टीचा संशय येतो. संगणक त्याला केंद्रकांचा एक रंगीत नकाशा काढून देतो. काळ्या पडद्यावर बेटांसारखे पुंजके, जांभळं बेट स्नायूंचं, हिरवं फायब्रोब्लास्टचं, कोपऱ्यातला पिवळा ठिपका चरबीच्या पेशींचा. पाहणारा हरखून जातो. केंद्रके लगेच बजावतो, “दोन बेटांमधल्या अंतराला काही अर्थ नाही हं.” मग बेटांच्या आकाराला? “त्यालाही फारसा नाही.” मग बेटं किती आहेत याला तरी? इथं तो अस्वस्थ होतो. कारण गट पाडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खुंटी असते. डावीकडे पिळली की हृदयात नऊ प्रकारच्या पेशी, उजवीकडे पिळली की चाळीस. खरे किती, हे खुंटीला विचारून कळत नाही. एकेका गटात कोणती जनुकं जागी आहेत ते पाहून, पुस्तकं उघडून, भांडून ठरवावं लागतं. रंग मात्र प्राध्यापक ठरवतात. एका लेखासाठी केंद्रकेनं तीन आठवडे विश्लेषण केलं आणि पाच आठवडे रंग बदलले.

परिषदेत दोन केंद्रके भेटले की पहिला प्रश्न एकच: “किती?” म्हणजे केंद्रकं किती. वीस हजारवाला ऐंशी हजारवाल्यापुढे आवाज खाली आणतो. २०२० साली ‘नेचर’मध्ये प्रौढ हृदयाचा एक मोठा नकाशा आला, १४ दात्यांच्या हृदयांतल्या जवळजवळ पाच लाख पेशी आणि केंद्रकांचा. त्याचा विषय काढला की आमचा केंद्रके चहाचा कप खाली ठेवतो आणि म्हणतो, “ते आरएनए होतं. कोण काय बोलतंय ते. दारं नव्हती त्यात.” ठोसा बसलेला माणूस जसा ‘लागलं नाही’ म्हणतो, त्याच सुरात.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, की या दारांचं लोकांनी करायचं काय? त्याचा चेहरा बदलला. सूक्ष्मदर्शकाशी दिसला होता तसा झाला.

“२००७ साली काय झालं माहितेय?” तो म्हणाला. “आइसलंडच्या लोकांचा डीएनए तपासून एका गटानं दाखवलं, की हृदयाची लय बिघडण्याचा जो आजार आहे, एट्रियल फिब्रिलेशन, त्याचा धोका चौथ्या गुणसूत्राच्या एका जागेशी जोडलेला आहे. त्याच वर्षी हार्ट अटॅकची जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली. मोठी बातमी. पण दोन्ही ठिकाणी जाऊन पाहिलं तर तिथं प्रथिन बनवणारं जनुक नाही. नुसतं रान. प्रथिनं बनवायच्या सूचना डीएनएच्या दोन टक्क्यांहून कमी भागात. आणि आजारांच्या खुणा बहुतेक सगळ्या उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत.”

मग त्या रानात आहे काय? जनुकं चालू-बंद करणारी बटणं. पण कुठलं बटण कुठल्या पेशीत चालतं, हे डीएनएची अक्षरं वाचून कळत नाही, कारण अक्षरं सगळीकडे तीच. ज्या पेशीत त्या जागेचं दार उघडं, तिथंच बटणाचा उपयोग. ला होयाच्या त्या नकाशात हेच केलं होतं: एट्रियल फिब्रिलेशनशी जोडलेल्या खुणांपैकी ३८ संशयित स्नायूपेशींच्या उघड्या दारांत सापडले. त्यातले दोन केसीएनएच-टू या जनुकाच्या एका बटणावर बसले होते. हे जनुक पोटॅशियमची वाट बनवतं, आणि प्रत्येक ठोक्यानंतर पेशीनं पुन्हा तयार व्हायला ती वाट लागते. प्रयोग करून पाहिलं, तर ते बटण खरंच त्या तयारीत हात घालत होतं.

“म्हणजे चौदा वर्षं लागली,” मी म्हटलं, “रानातून एका बटणापर्यंत यायला?”

“दोन अक्षरांपर्यंत,” केंद्रके म्हणाला. “बाकीचे छत्तीस आहेत अजून.” आणि हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, घरात अजून पुष्कळ फराळ शिल्लक असल्याच्या सुरात म्हणाला.

या माणसाला गेल्या मे महिन्यात डोंबिवलीच्या इमारतीनं व्याख्यानाला उभं केलं. विषय: ‘हृदयाची काळजी: घ्यायची कशी?’ फलकावर त्याच्या नावामागे ‘सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ’ असं लिहिलं होतं. त्यानं ते पुसायला सांगितलं. सेक्रेटरींनी ‘सुप्रसिद्ध’ तेवढं पुसलं.

केंद्रके शून्यांबद्दल बोलला. पंचेचाळीस मिनिटं. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मान टाकली होती. मग प्रश्नोत्तरं झाली आणि सभागृह जागं झालं.

“तूप खावं की नाही?”

“माझ्या डेटामध्ये तूप नाही.”

“अर्जुनाची साल?”

“तीही नाही.”

“आपल्या लोकांत काही खास असतं का हो हृदयाचं?” इथं केंद्रके खुलला. २००९ साली प्रसिद्ध झालेलं काम त्यानं सांगितलं: एमवायबीपीसी-थ्री या जनुकातली २५ अक्षरं गाळलेली असतात, भारतीयांत सुमारे चार टक्के लोकांत, त्यांना पुढं हृदयाच्या स्नायूचा आजार होण्याचा धोका वाढतो. सभागृहात पन्नास लोक होते. म्हणजे दोघांकडे असेल, असा हिशेब सगळ्यांनी एकदम केला आणि प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहिलं.

“हृदय नवीन होतं का?” एका पंच्याहत्तरीच्या काकांनी विचारलं.

“होतं, थोडं. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बनवरून पेशींची वयं काढली होती, तेही २००९ सालीच. पंचविशीत वर्षाला एक टक्का स्नायूपेशी नव्या येतात. पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी.”

“अर्ध्या टक्क्याहून कमी?” काका सेक्रेटरींकडे वळले. “बँकसुद्धा याच्याहून जास्त देते.”

आभारप्रदर्शन झालं. शाल, श्रीफळ झालं. आणि मग कोणीतरी रक्तदाब मोजायचं यंत्र आणून टेबलावर ठेवलं. आलाच आहात तर, सगळ्यांचं बघून टाका. केंद्रकेनं ‘मी तो डॉक्टर नव्हे’ असं सांगून पाहिलं. रांग लागली होती.

पहिल्या काकूंचा आकडा १६२ आला. रांगेत कुजबुज झाली; काकूंचा चेहरा उतरला; कोणी पाणी आणलं. केंद्रके मात्र आकड्याकडे असा पाहत होता, जशी ती नवी पेशीच सापडली आहे. “एकाच रीडिंगवर काही म्हणता येणार नाही,” तो म्हणाला. “पाच मिनिटं टेकून बसा. पाय जमिनीवर. बोलू नका.” काकूंना न बोलता पाच मिनिटं बसलेलं इमारतीनं प्रथमच पाहिलं. दुसरा आकडा १४४. पुन्हा बसवलं. तिसरा १३४. त्यानं तिन्ही एका कागदावर लिहिले, खाली तारीख घातली आणि म्हणाला, “आठवडाभर रोज सकाळी असंच मोजा, लिहून ठेवा आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांचं ते ठरवतील.”

रांग मुंगीच्या गतीनं सरकत होती. प्रत्येकाला तीनदा. सेक्रेटरींनी दोनदा घड्याळ दाखवलं. मागच्या एका तरुण गृहस्थांचा आकडा पहिल्यांदा १५८ आला, दुसऱ्यांदा १६०, तिसऱ्यांदा १५९. त्यांना काहीच होत नव्हतं, ते सहज उभे राहिले होते. त्यांना केंद्रकेनं उद्याच डॉक्टरकडे जायला सांगितलं, आणि ते ‘बघू’ म्हणाले तेव्हा त्यांच्या बायकोचा फोन नंबर मागितला. खरं तर कुठलाही चांगला डॉक्टर हेच सांगेल, की एका आकड्यावर जाऊ नका. पण एवढ्या शांतपणे, एवढ्या लोकांना, प्रत्येकी तीनदा मोजायला शून्यांत मुरलेला माणूसच पाहिजे.

रात्री साडेदहाला सभागृह बंद झालं. जिन्यात त्या पहिल्या काकू भेटल्या. त्या केंद्रकेच्या आईला सांगत होत्या, “आमच्या डॉक्टरनं एकदा मोजलं आणि दोन गोळ्या दिल्या. तुझ्या मुलानं तीनदा मोजलं आणि काहीच दिलं नाही. एवढा मोठा डॉक्टर झाला, पण अजून किती काळजीनं बघतो गं!”